एका खोलीतला हातकागद : घरातल्या रद्दीपासून कलाकृतीपर्यंत

साथीच्या काळातील विलगीकरण, लांबलेले आजारपण किंवा शस्त्रक्रियेनंतरची सक्तीची विश्रांती यांमुळे काही दिवस घरातच, प्रसंगी एकाच खोलीत काढावे लागतात, तेव्हा हाताला काम तर हवे असते, पण त्यासाठी बाजारात जाण्याची सोय नसते. या अटीत बसणाऱ्या कलांमध्ये हातकागदाचा क्रमांक मला बराच वरचा वाटतो. कच्चा माल घरातल्या रद्दीतच मिळतो, अवजारे स्वयंपाकघरात आणि माळ्यावर सापडतात आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या कामानंतर भिजण्याची किंवा वाळण्याची वाट पाहण्यातच बहुतेक वेळ जात असल्यामुळे लवकर थकणाऱ्या माणसालाही हे काम झेपते. मात्र ताप असताना गार पाण्यात हात घालून बसू नये. पाणी कोमट घेतल्याने कागदाचे काहीही बिघडत नाही.

नवशिके बहुधा आधी साधा कागद करतात, तो वाळवतात आणि मग त्यावर रंग, टिकल्या, सुकी फुले चिकटवत बसतात. त्यात गैर काही नाही, परंतु मग दुकानातला कागद काय वाईट होता? घरी कागद करण्याची खरी मौज तो ओला असताना आहे. रंग, रेघ, उठाव, पोत हे सारे कागदाच्या अंगातच घडवता येते, आणि पुढील मार्गदर्शन त्याच हेतूने केलेले आहे.

रद्दीची निवड

छपाईचा किंवा झेरॉक्सचा एका बाजूने वापरलेला पांढरा कागद नवशिक्यांसाठी सर्वांत चांगला. वह्यांची पाने, पाकिटे, लग्नपत्रिकांचे साधे कागद आणि खाकी पिशव्याही चालतात. खाकी कागदाचे तंतू लांब आणि चिवट असल्याने तो थोडासा मिसळला तरी पांढऱ्या रद्दीला बळकटी येते. वर्तमानपत्राचा लगदा लवकर होतो, पण त्यात लाकडातील लिग्निन शिल्लक असते आणि उजेडात ते पिवळे पडते. शाईमुळे रंगही करडा येतो. म्हणून त्याचा उपयोग सरावासाठी करावा, जपून ठेवायच्या कामासाठी करू नये. गुळगुळीत मासिकांच्या कागदावर मातीसारख्या पदार्थाचा थर असतो, त्यामुळे त्याचा लगदा चिखलासारखा आणि कमजोर होतो. एटीएमच्या आणि दुकानातल्या यंत्रातून निघणाऱ्या चकचकीत पावत्यांवर रसायनांचा लेप असतो. त्या पूर्णपणे वगळाव्यात. आजाऱ्याच्या खोलीतील वापरलेले टिश्यू लगद्यात घालू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

बळकटीसाठी कापसाचे बोळे घालण्याचा मोह अनेकांना होतो. कापूस उत्तम तंतू आहे यात शंका नाही; कृ. भा. जोशी यांनी महात्मा गांधींच्या प्रेरणेतून १९४० साली पुण्यात सुरू केलेल्या हातकागद संस्थेचा कागदही सुती चिंध्यांपासूनच होत आला आहे. परंतु तिथे चिंध्या कापून, यंत्रात तासन्‌तास कुटून त्यांचा लगदा करतात. घरी टाकलेला बोळा पाण्यात गुठळ्या धरतो आणि कागदावर फोड आल्यासारखा दिसतो. केळीच्या सोपटापासून किंवा गवतापासून कागद करण्याच्या कृतीही वाचनात येतात, पण त्यासाठी ते कॉस्टिक सोड्यात उकळावे लागतात. बंद खोलीत, तेही आजारपणात, हा उद्योग करू नये.

लगदा

कागदावरचे स्टेपल, चिकटपट्ट्या आणि प्लॅस्टिकच्या खिडक्या काढून त्याचे साधारण बोटाच्या पेराएवढे तुकडे हाताने फाडावेत. कात्रीने कापल्यास तंतू तुटतात, फाडल्यास ते मोकळे होतात. हे तुकडे कोमट पाण्यात रात्रभर आणि खाकी कागद असल्यास पूर्ण दिवसभर भिजत ठेवावेत.

किती कागद घ्यावा, याचा अंदाज सोपा आहे. ए-४ आकाराच्या एका नेहमीच्या कागदाचे वजन साधारण ४.५ ते ५ ग्रॅम भरते. हातकागद यंत्राच्या कागदाच्या दुप्पट जाड होतो असे धरले, तर एका ए-४ पासून त्याच्या निम्म्या आकाराचा, म्हणजे वहीच्या पानाएवढा एक कागद मिळतो. टबातल्या पाण्यात थोडा लगदा नेहमीच शिल्लक राहायला हवा, म्हणून दहा कागद करायचे असल्यास पंधरा भिजत घालावेत.

भिजलेल्या तुकड्यांची एक मूठ मिक्सरच्या मोठ्या भांड्यात घेऊन भांडे पाऊण भरेल इतके पाणी घालावे आणि थांबत थांबत अर्धा मिनिट फिरवावे. पाणी कमी पडले तर मोटर तापते. शाईचा कागद फिरवलेल्या भांड्यात पुन्हा चटणी वाटू नये. जुने, बाजूला पडलेले भांडे याच कामाला ठेवावे. मिक्सर नसेल किंवा त्याचा आवाज घरातल्या आजाऱ्याला नकोसा असेल, तर उभ्या पातेल्यात रवीने घुसळावे. वेळ जास्त लागतो, लगदा भरड राहतो, पण तंतू लांब राहिल्यामुळे कागद मजबूत होतो. लगदा झाला की नाही, हे पाहण्यासाठी चमचाभर लगदा काचेच्या पेल्यातल्या पाण्यात ढवळून उजेडासमोर धरावा. पाणी ढगाळ दिसले, म्हणजे लगदा तयार आहे. त्यात कागदाचे कपटे तरंगताना दिसले, तर पुन्हा फिरवावा.

इथे एका प्रचलित सल्ल्याविषयी सांगणे आवश्यक आहे. लगद्यात फेव्हिकॉल घालावा, असे इंटरनेटवर जागोजाग सुचवलेले असते. त्याची गरज नाही. कागदाचे तंतू सेल्युलोजचे असतात. पाणी निघून जाताना ते एकमेकांच्या अगदी जवळ ओढले जातात आणि त्यांच्यात हायड्रोजन बंध तयार होतात. कागद धरला जातो तो या बंधांमुळे. कागद फाटत असेल तर लगदा नीट झालेला नसतो किंवा दाब कमी पडलेला असतो, आणि गोंदाने यांतले काहीच सुधारत नाही. उलट जाळीची छिद्रे तेवढी बुजतात.

चौकट

कागदाचा साचा म्हणजे सारख्या मापाच्या दोन चौकटी. एकीवर जाळी ताणलेली असते, दुसरी मोकळी असते. ती जाळीवर ठेवली की कागदाच्या कडा ठरतात. काच आणि पुठ्ठा काढलेल्या दोन सारख्या फोटोफ्रेम घ्याव्यात. जाळीसाठी खिडकीला लावतात ती नायलॉनची मच्छरजाळी उत्तम. ती ओली करून, ढोलाच्या पानासारखी ताठ बसेपर्यंत ओढून, फ्रेमच्या मागे टाचण्यांनी किंवा खिळ्यांनी पक्की करावी. जाळी सैल राहिली तर मधोमध लगद्याचे डबके साचते आणि कागद जाळीवरून सुटत नाही.

हेही जमण्यासारखे नसेल, तर भरतकामाची रिंग घ्यावी. रिंगमध्ये जाळी अडकवून स्क्रू आवळला की साचा तयार. गोल कागद येतो, कडा थोड्या विस्कटलेल्या येतात, आणि मला तर नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी असे वाटते, कारण लहान गोल साचा एका हाताने पेलतो आणि त्यासाठी मोठा टबही लागत नाही.

कागद उचलणे

साचा आडवा बुडेल एवढा टब किंवा घमेले घेऊन त्यात सुमारे १० लिटर पाणी आणि पंधरा कागदांच्या लगद्यापैकी थोडा बाजूला ठेवून बाकीचा घालावा. शेजारी पाट ठेवून त्यावर ओल्या कपड्याची जाडसर घडी आणि तिच्यावर पिळलेला सुती कपडा सुरकुती न ठेवता पसरावा. जुन्या सुती साडीचे किंवा पंचाचे तुकडे या कामी फार उपयोगी पडतात. फरशीवर पाणी सांडणारच, म्हणून न्हाणीघर किंवा गॅलरी निवडावी आणि पायाखाली घसरणार नाही असे काही अंथरावे.

प्रत्येक वेळी पाणी हाताने तळापासून ढवळावे, कारण लगदा खाली बसतो. दोन्ही चौकटी जाळी मध्ये येईल अशा घट्ट धरून, साचा तिरका करून, दूरच्या कडेकडून पाण्यात उतरवावा, पाण्याखाली आडवा करावा आणि सरळ वर उचलावा. पाणी निथळत असतानाच साचा आधी डावी-उजवीकडे आणि मग पुढे-मागे अगदी हलका हलवावा. त्याने तंतू एकमेकांत गुंततात आणि थर सारखा बसतो. पृष्ठभागावरची पाण्याची चकाकी नाहीशी होऊ लागली की हलवणे थांबवावे, नाहीतर बसलेल्या थराला भेगा पडतात. यानंतर साचा अर्धा मिनिट तिरका धरून निथळू द्यावा.

वरची मोकळी चौकट उचलताना तिच्यावरचा पाण्याचा थेंब ओल्या थरावर पडला तर तिथे खळगा पडतो. हा खळगा दुरुस्त होत नाही. थर जाडजूड, तिरपा किंवा फाटका आलेला असेल, तर मन घट्ट करून साचा पालथा धरावा आणि पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवावा. सगळा लगदा सुटून टबात परत जातो आणि पुन्हा सुरुवात करता येते. हातकागदात चूक पुसण्याची ही सोय आहे, आणि ती निःसंकोच वापरावी.

थर चांगला आला, की साच्याची एक लांब कड पसरलेल्या कपड्यावर टेकवून, साचा पुस्तक मिटावे तसा पालथा घालावा, मागून स्पंजने दाबून पाणी टिपावे आणि पहिली कड उचलत साचा सोडवावा. कागद कपड्यावर राहतो. न सुटल्यास कपडा फार कोरडा असतो किंवा दाब कमी पडलेला असतो. त्या कागदावर दुसरा ओला कपडा घालून पुढचा कागद तिथेच उतरवावा आणि दर दोन-तीन कागदांनंतर टबात मूठभर लगदा वाढवावा.

सात-आठ कागदांची चळत झाली की वर दुसरा पाट ठेवून त्यावर उभे राहावे किंवा पाण्याने भरलेली बादली ठेवावी. पाणी वाहणे थांबेपर्यंत दाब द्यावा. कागदाची निम्मी ताकद या दाबातच आहे, आणि नेमक्या याच टप्प्यावर बहुतेकांना घाई होते.

वाळवण आणि खळ

कागद कोणत्या पृष्ठभागावर वाळतो, त्यावर त्याचा पोत ठरतो. कपड्यासकट दोरीवर टाकला तर तो खडबडीत होतो आणि थोडा वाकतो. खिडकीच्या स्वच्छ काचेवर किंवा सनमायकाच्या टेबलावर ओला चिकटवून, वरचा कपडा अलगद सोलून काढला, तर काचेकडची बाजू गुळगुळीत येते आणि पूर्ण वाळल्यावर कागद आपोआप सुटतो. भर उन्हात वाळवू नये; कडा आधी आकसतात आणि रंग उडतात. पावसाळ्यात पंख्याखाली दोन-तीन दिवस लागतात. घाई असेल तर ओलसर कागदावर सुती कपडा घालून इस्त्री फिरवावी.

असा कागद टीपकागदासारखा असतो. त्यावर शाई पसरते. चित्र रंगवायचे किंवा पत्र लिहायचे असेल तर खळ लावावी लागते. एक चमचा आरारूट किंवा मैदा थंड पाण्यात कालवून, एक कप पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवावा आणि कोमट झाल्यावर रुंद ब्रशने कोरड्या कागदाच्या दोन्ही बाजूंना पातळ लावावा. पुन्हा वाळल्यावर कागद काचेवर ठेवून गुळगुळीत गोट्याने, कवडीने किंवा स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घोटावा. ही घरगुती युक्ती नव्हे, आपल्याकडील कागदी कारागिरांची हीच जुनी रीत आहे. जुन्नर आणि दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरील कागजीपुरा ही कागदासाठी ख्याती पावलेली गावे. खळ देऊन अकीकाच्या दगडाने घोटलेल्या कागदावर बोरू अडखळत नाही आणि शाई फुटत नाही. जुन्या मोडी दफ्तरांतील कागद हाती घेतला तर त्या घोटाईची चकाकी आजही दिसते. खळीचा एक तोटा म्हणजे तिला कसर लागते. तयार कागद कोरड्या जागी ठेवावेत आणि अधूनमधून हवेवर काढावेत.

ओल्या कागदातली कला

पहिला आणि सर्वांत सोपा प्रयोग लगद्यात काही मिसळण्याचा. कांद्याची लालसर साले, झेंडूच्या सुट्या पाकळ्या, रंगीत दोऱ्यांचे तुकडे किंवा चहाचा चोथा मूठभर टबात टाकून ढवळला की प्रत्येक कागद निराळा येतो. जाड देठ आणि रसदार पाकळ्या टाळाव्यात; त्या तपकिरी पडतात आणि त्यांच्याभोवती डाग पसरतो. गुलाब ताजा असताना कितीही सुंदर दिसला तरी कागदात तो निराशा करतो. कांद्याची साले उकळून गाळलेल्या पाण्यात लगदा भिजवला तर मधासारखा रंग येतो. हळदीचा पिवळा पहिल्या दिवशी डोळे दिपवतो, पण उजेडात लवकर विटतो आणि साबणाचा किंवा चुन्याचा हात लागला तर लाल होतो.

मेथी किंवा राजगिऱ्याचे दाणे घातलेला कागद पुढे कुंडीत पेरता येतो. तो एका दिवसात वाळलाच पाहिजे. नाहीतर दाणे कागदातच मोड धरतात. अशा कागदाला इस्त्रीही चालत नाही.

दुसरा प्रयोग जलचिन्हाचा. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील कारागिरांनी जाळीवर तारेची आकृती शिवायला सुरुवात केली. तारेवर लगद्याचा थर पातळ बसतो, म्हणून कागद उजेडासमोर धरला की ती आकृती उजळ दिसते. घरी पातळ तांब्याची तार वाकवून दोऱ्याने जाळीला टाचावी. आकृती एकरेघी असावी : स्वस्तिक, मासा, नावाचे आद्याक्षर. उजेडासमोर कागद दोन्ही बाजूंनी पाहता येतो, त्यामुळे अक्षर उलटे की सुलटे या विचारात पडू नये. कागद मात्र पातळ उचलावा. जाड कागदात चिन्ह बुडून जाते.

तिसरा प्रयोग लगद्यानेच चित्र काढण्याचा. मी तरी पहिल्या आठवड्यानंतर याच प्रयोगावर मुक्काम ठोकावा असे सुचवेन. त्यासाठी रंगीत लगदा नेहमीपेक्षा दुप्पट वेळ फिरवून दह्याच्या निवळीसारखा पातळ आणि गुळगुळीत करावा आणि सॉसच्या दाबून पिळायच्या बाटलीत भरावा. पायाचा कागद कपड्यावर उतरवल्यावर, त्याला दाब देण्यापूर्वी, त्यावर या बाटलीने रेघा ओढाव्यात, ठिपके द्यावेत किंवा पुठ्ठ्यात कापलेल्या आकृतीतून लगदा सोडावा. नंतर नेहमीप्रमाणे दाब दिला की रेघ आणि कागद एकजीव होतात. वाळल्यावर नखाने खरवडली तरी रेघ सुटत नाही. सरावासाठी वारलीची रेखाटनपद्धत अतिशय सोयीची आहे. पालघर, डहाणू भागातील वारली घरांत गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढतात. आपल्याकडे खाकी पाकिटांच्या लगद्याचा मातकट कागद आणि त्यावर पांढऱ्या रद्दीच्या लगद्याची रेघ, एवढ्यावर ते काम होते आणि कोणताही रंग विकत आणावा लागत नाही. माणसाच्या धडाचे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढताना मधल्या सांध्यावर लगद्याचा थेंब साचतो. तिथे बाटली दाबू नये, नुसती टेकवून उचलावी. हातपायांच्या काड्या बारीक येत नसतील, तर लगद्यात भिजवलेला पांढरा दोरा त्या जागी ठेवावा. दाबाखाली तोही कागदात बसतो.

चौथा प्रयोग उठावाचा. भारतीय कलेत याचे सर्वांत थोर उदाहरण म्हणजे शिल्पकार आणि मुद्राचित्रकार सोमनाथ होर यांची १९७० च्या दशकातली ‘वूण्ड्स’ (जखमा) ही मालिका. मेणाच्या किंवा मातीच्या पत्र्यावर त्यांनी चिरा, भोके, डाग पाडले, त्यावरून सिमेंटचा साचा घेतला आणि त्यात कागदाचा लगदा दाबला; रंग न वापरता, पांढऱ्या कागदावरच्या पांढऱ्या ओरखड्यांतून त्यांनी माणसांच्या जखमा दाखवल्या. घरच्या कामाला सिमेंट लागत नाही. शाडूची मऊ पोळी ताटात थापून त्यात पिंपळाचे पान, चमच्याची कड किंवा विणकामाची सुई दाबावी. पोळीला तेलाचा पुसट हात लावावा, पिळलेला लगदा पाव बोट जाडीने पसरावा आणि स्पंजने पुन्हा पुन्हा दाबत पाणी टिपून घ्यावे. पानाच्या शिरांपर्यंत लगदा पोचतो तो या टिपण्यामुळे. दोन-तीन दिवसांनी, मागची बाजू हाताला गार लागेनाशी झाली की कडेने सैल करून सोडवावा. करंजीचे प्लॅस्टिकचे साचे आणि आइसक्रीमच्या डब्यांची नक्षीदार झाकणेही चालतात; लाकडी छापे मात्र पाण्यात ठेवून खराब करू नयेत.

प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीने रद्दीचा प्रकार, त्यात काय मिसळले आणि तो कशावर वाळवला हे लिहून ठेवावे, कारण चार दिवसांनी सगळे कागद सारखेच दिसू लागतात.

उरलेला लगदा मोरीत ओतू नये; तो नळीत बसतो आणि ती तुंबते. टबातले पाणी जुन्या पंचातून गाळावे, फडक्यात राहिलेला लगदा पिळून लिंबाएवढे गोळे करावेत आणि रंगानुसार वेगळे वाळवावेत. हे गोळे महिनोन्‌महिने टिकतात आणि रात्रभर भिजवून मिक्सरमधून काढले की पुन्हा वापरता येतात. ओला लगदा ठेवायचाच असेल, तर डब्यात घालून फ्रीजमध्ये चार-पाच दिवस ठेवता येतो; बाहेर ठेवल्यास उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी त्याला वास येऊ लागतो. जाळी लगेच, लगदा ओला असतानाच, मऊ ब्रशने धुवावी. छिद्रांत वाळलेला लगदा नंतर सुईने टोकरत बसावे लागते.